हुबेहूब कशाशी?

सार्वजनिक वाचनालय, जिल्हा परिषदेचं सभागृह, पतपेढीची मुख्य शाखा, शाळेचा हॉल. महाराष्ट्रात तैलचित्राच्या अनावरणाला अजून जागा आहे. भिंतीवर मखमली पडदा, पडद्याला दोरी, दोरी ओढायला कुणी मंत्री, नाहीतर आमदार. पडदा सरकतो, टाळ्या होतात, हार चढतो आणि पहिल्या रांगेतून शब्द येतो, ‘हुबेहूब!’ फ्लेक्सवर माणसाचं तोंड दहा फुटांचं करून चौकात टांगायची सोय झाली तरी गेलेल्या माणसाचा खरा मान तैलरंगातच होतो, असं आपण मानतो. २३ जानेवारी २०२३ रोजी विधान भवनाच्या मध्यवर्ती सभागृहात बाळासाहेब ठाकरे यांच्या तैलचित्राचं अनावरण झालं. तालुक्याच्या गावी तोच समारंभ लहान प्रमाणात वर्षभर चालू असतो.

पण हुबेहूब कशाशी? बहुतेक वेळा फोटोशी. चित्रकाराच्या हाती एक फोटो येतो, तोही ओळखपत्रावरचा किंवा लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. फ्लॅशने कपाळ आणि नाक एकाच रंगाचं करून टाकलेलं असतं. सावलीच्या जागी नुसता काळा डाग. कॅमेरा फार जवळ धरल्यामुळे नाक फुगलेलं, कान मागे पळालेले. त्यात घरच्यांच्या मागण्या निराळ्या: चष्मा काढा, केस थोडे काळे करा, कोट चढवा, जरा हसरे दाखवा. चित्रकार बिचारा हे सगळं करतो, कारण पोट त्यावर आहे. तयार होतो तो तैलरंगात काढलेला फोटो. तैलरंगाला जे करता येतं आणि कॅमेऱ्याला येत नाही, ते बाहेरच राहतं.

या वाटेला लागलेल्या मुलाने ते शिकायचं कुठे? जुनं उत्तर असं, की ज्याला ते येत होतं त्याच्या चित्रावरून. त्याचं चित्र समोर ठेवायचं आणि पहिल्या थरापासून शेवटच्या थरापर्यंत तसंच्या तसं करायला बसायचं. युरोपात हे शतकानुशतकं चाललं. रुबेन्स १६२८ मध्ये माद्रिदला गेला तेव्हा पन्नाशी गाठलेला, सगळ्या युरोपात नाव झालेला चित्रकार होता. तरी तिथे बसून त्याने तिशनच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. जॉन सिंगर सार्जंटने १८७९ मध्ये माद्रिदच्याच प्रादो संग्रहालयात वेलाझ्केझ उतरवला आणि पुढच्या वर्षी हार्लेमला जाऊन फ्रान्स हाल्स. पण माद्रिद आणि हार्लेम ही नावं घेणं सोपं आहे. प्रश्न सावर्ड्याचा आहे.

मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूण ओलांडून दक्षिणेकडे निघालं की अर्ध्याएक तासात सावर्डे येतं. कोकण रेल्वेचं लहानसं स्टेशन आहे. खैराच्या लाकडापासून काथ काढणाऱ्या कारखान्यांसाठी गावाचं नाव व्यापारात माहीत आहे, आणि डेरवणची शिवसृष्टी बघायला येणाऱ्यांच्या गाड्या इथूनच वळतात. या गावात चित्रकलेचं महाविद्यालय आहे, हे मात्र कलाक्षेत्राबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. गोविंदराव निकम यांनी उभ्या केलेल्या सह्याद्री शिक्षण संस्थेचं हे सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट. चित्रकार प्रकाश राजेशिर्के यांनी प्राचार्य म्हणून ते नावारूपाला आणलं. कोकणातल्या मुलाला चित्रकार व्हायचं तर मुंबई गाठावी लागे. खोलीचं भाडं, खानावळ, लोकल, हे जमलं तर पुढचं. ते शिक्षण गावात आलं, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेली, ‘चित्रकला बरी आहे’ एवढ्या भांडवलावर घरातून निघालेली मुलं अशा ठिकाणी येतात. त्यांच्या डोळ्यांसमोर निसर्ग भरपूर असतो. डोंगर, जांभा दगड, कौलारू घरं, भातखाचरं यांचं जलरंगातलं निसर्गचित्र ही कोकणातल्या चित्रकाराची पहिली भाषा. तैलरंगातलं माणसाचं डोकं ही दुसरी, आणि ती परकी वाटते. कारण समोर मूळ तैलचित्र असं क्वचितच असतं.

समजा, यातल्या एका मुलाने रेम्ब्रांट निवडला. बहुतेक जण रेम्ब्रांटच निवडतात. त्याच्या म्हातारपणातलं आत्मचित्र, मागे दोन अर्धवट वर्तुळं असलेलं, लंडनच्या केनवूड हाउसमधलं. मुलाकडे आहे ती पुस्तकातली छपाई, नाहीतर मोबाइलचा पडदा. मोबाइल हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये रेम्ब्रांटच्याच ‘नाइट वॉच’चं ७१७ गिगापिक्सेलचं छायाचित्र सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यात दोन बिंदूंमधलं अंतर ५ मायक्रोमीटर आहे. रंगाला गेलेली बारीक भेगसुद्धा सावर्ड्यात बसून पाहता येते. म्युझियमच्या दोरीपलीकडे उभ्या राहिलेल्या माणसाला एवढं दिसत नाही.

मुलगा कॅनव्हास ताणतो, त्यावर चौकटी आखतो, छपाईवरही तशाच चौकटी आखतो आणि रेखाटन उतरवतो. इथपर्यंत ठीक. मग रंग उघडतो आणि डाव्या डोळ्यापासून सुरुवात करतो. शिकाऊ माणसाचा हात ओळखायचा तर इथे ओळखावा. डोळा मन लावून पुरा केला, पापण्यांसकट, मग नाक, मग ओठ. शेवटी गाल आणि कपाळ भरायला घेतलं की लक्षात येतं, हे सगळे अवयव एकाच डोक्यावरचे वाटत नाहीत. प्रत्येकाचा उजेड वेगळा. फोटोवरून काम करताना हे खपून जातं, कारण तिथे जोडकाम फोटोने आधीच करून ठेवलेलं असतं. प्रतिकृती करताना खपत नाही.

मूळ चित्र अवयवांच्या क्रमाने झालेलंच नाही. रेम्ब्रांट पांढऱ्या कॅनव्हासवर रंगवत नसे. आधी तपकिरी किंवा करडा थर, म्हणजे ग्राउंड. त्यावर तपकिरी रंगातच अंधार आणि उजेडाची ढोबळ वाटणी. मग उजेडाच्या जागी जाड, अपारदर्शक रंग. आणि सावलीच्या जागी जवळजवळ काहीच नाही. कपाळाची बाजू, जबड्याखालचा भाग, टोपीच्या आतली खोली, इथे खालचा तपकिरी थर तसाच डोकावतो. सावली त्याने रंगवलेली कमी आणि सोडलेली जास्त आहे. केनवूडच्या त्या चित्रात पॅलेट धरलेला हात तर हात म्हणावा असाही नाही. चारदोन फटकाऱ्यांत वाऱ्यावर सोडलाय. डोक्यावरची पांढरी टोपी रुंद ब्रशच्या मोजक्या ओढींत संपते. सगळी मेहनत कपाळ, नाक आणि डोळ्यांभोवतीच्या पिशव्यांवर आहे. छपाई समोर ठेवून हात आणि टोपी पुऱ्या करायला निघालेला मुलगा आठ दिवसांनी थांबतो, कारण त्या जितक्या पुऱ्या होतात तितका चेहरा मागे जातो. हा धडा कुणी तोंडी दिला तर ऐकून सोडून दिला जातो. चित्र बिघडलं की तो हातात उतरतो.

प्रतिकृतीतून शिकायचा तो हा क्रम, आणि कुठे थांबायचं तो निर्णय. चेहरेपट्टी जुळणं हे त्यातलं सर्वांत स्वस्त काम. चौकटी आखून ते कुणालाही जमतं, आणि आता प्रोजेक्टर लावून त्याहून लवकर जमतं.

यात सामानाचीही एक अडचण आहे, आणि ती मला फार रस घेण्यासारखी वाटते. सतराव्या शतकातला पांढरा म्हणजे शिशाचा पांढरा. तो किंचित उबदार, तारेसारखा ओढला जाणारा, पातळ लावला तर थोडा पारदर्शक. शिसं विषारी म्हणून तो मागे पडला. विद्यार्थ्याच्या ट्यूबमध्ये आज असतो तो टायटॅनियम पांढरा. तो थंड, बोथट आणि भयंकर जोरकस. मूळ चित्रात दिसतो तेवढा पांढरा मिसळला की देहवर्ण खडूसारखा होतो. पोरं मग पिवळा घालतात, तो हिरवट दिसतो, म्हणून लाल घालतात, आणि संध्याकाळपर्यंत पॅलेटवर चिखल. उपाय एवढाच, की पांढरा निम्म्याने कमी वापरायचा आणि उजेड पांढऱ्याने मिळतो ही समजूत सोडायची. उजेड मिळतो तो शेजारच्या काळोखामुळे.

तेलाचंही तसंच. कोकणातल्या घरात तेल म्हटलं की खोबरेल. ते वर्षभर उघडं ठेवलं तरी चिकटच राहील. तैलरंगाला लागतं ते जवसाचं, ज्याला चित्रकार लिन्सीड म्हणतात. त्यातली आम्लं हवेतला प्राणवायू ओढून घेतात आणि तेलाची घट्ट पापुद्र्यासारखी त्वचा होते; तैलरंगाचं वाळणं म्हणजे हे. तपकिरी अंबरमध्ये मँगनीज असतं, ते या क्रियेला वेग देतं, म्हणून पहिला थर अंबरचा. दोन दिवसांत त्यावर काम करता येतं. वरच्या थरात तेल जास्त, खालच्यात कमी, हा नियम मोडला तर खालचा थर उशिरा आक्रसतो आणि वरचा फाटतो. पुस्तकात हे एका ओळीत असतं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात त्या ओळीला वेगळी किंमत येते. जुलैत कॅनव्हास ओल धरून सैल पडतो, मागच्या बाजूला बुरशीचे ठिपके उमटतात, आणि ढगाळ दिवसांत दुपारी तीनलाच उजेड जातो. तैलरंग थंड देशांत वाढला. कोकणात त्याला सांभाळावं लागतं.

बरं, उतरवायचं ते नेमकं कुठलं चित्र? चित्रकाराने केलेलं, की काळाने उरवलेलं? व्हर्मीरची मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी सगळ्यांना काळ्या पार्श्वभूमीवर माहीत आहे. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाने केलेल्या अलीकडच्या तपासणीत दिसलं, की तिच्यामागे हिरवा पडदा होता. काळ्यावर नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतिरंगाचा पारदर्शक हात देऊन तो केला होता. पुढे ते रंग उडाले. ‘नाइट वॉच’मधली रात्रसुद्धा बरीचशी पिवळ्या-काळ्या पडलेल्या वार्निशची होती. जुन्या चित्रांचा तो मधाळ तपकिरी रंग खास साधायला बर्न्ट सिएनाचा हात फिरवणारे चित्रकार आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते गुरूबरोबर धुळीलाही नमस्कार करतात.

आपल्याकडे तैलरंगातल्या प्रतिकृतींची सुरुवातच उलटी झाली. मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला १८४४ मध्ये अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवण्याच्या कामावर नेमलं. ज्या चित्रांत तेलाचा थेंब नाही, ती त्याने वर्षानुवर्षं कॅनव्हासवर तैलरंगात उतरवली. त्यातली बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा केलं. या प्रतिकृतीही लंडनला गेल्या आणि त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. (अजिंठा लेण्यांत दीड हजार वर्षं टिकलं आणि लंडनच्या संग्रहालयांत वीस वर्षंही टिकलं नाही, असं कुणी म्हटलं तर खोडून काढणं कठीण आहे.) पण त्या कामातून पेस्तनजी बोमनजी तयार झाला. अजिंठ्याच्या भिंतींसमोर बसून त्याने हात कमावला, आणि १८७७ च्या दिल्ली दरबाराचं चित्र काढायला आलेल्या व्हॅलेंटाइन प्रिन्सेपकडून तैलरंगातलं व्यक्तिचित्र समजून घेतलं. त्याने रंगवलेल्या पारशी कुटुंबांतल्या बायका आणि म्हाताऱ्या पाहिल्या, की या दोन्ही शिकवण्या एका हातात आल्याचं कळतं.

जे. जे. मध्ये पुढे ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे आणि छापील नमुने उतरवणं हाच अभ्यास होता. जिवंत मॉडेल बसवून चित्रण सुरू झालं ते ग्लॅडस्टन सॉलोमनने, १९१९ मध्ये. म्हणजे संस्था १८५७ ची आणि जिवंत माणूस साठ वर्षांनंतर. शिक्षण खात्याची ही पद्धत कंटाळवाणी होती यात शंका नाही, आणि तिच्यावर टीकाही भरपूर झाली. टीकाकारांनी नक्कल म्हणून जे नाकारलं त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. छापील फ्रीहँडची वेलबुट्टी उतरवणं हे हाताला वळण लावणं. चित्रकाराचं चित्र उतरवणं हे त्याच्या डोक्यात शिरणं. दोन्हींना एकच नाव पडल्यामुळे दुसरी गोष्ट पहिलीबरोबर अभ्यासक्रमातून ढकलली गेली, असं मला वाटतं. अभ्यासक्रमाबाहेर मात्र लोक उतरवतच राहिले. १९४५ पासून दीनानाथ दलालांचा ‘दीपावली’ घरी येऊ लागला. दलाल आणि मुळगावकरांची मुखपृष्ठं पाहून वहीत उतरवत शिकलेल्यांची अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. हा दिवाळी अंकांनी चालवलेला, फी न घेणारा वर्गच होता.

आता रेम्ब्रांटविरुद्ध माझी एक तक्रार, म्हणजे त्याच्याविरुद्ध नव्हे, त्याच्याकडे धावणाऱ्यांविरुद्ध. डच माणसाची कातडी पातळ, गुलाबी. तिच्यात उजेड आत शिरतो आणि रक्ताचा रंग घेऊन बाहेर येतो. कोकणातल्या उन्हात भाताच्या लावण्या केलेल्या बाईचं कपाळ तसं वागत नाही. सावळ्या त्वचेवर उजेड वरूनच परततो, म्हणून हायलाइट लहान, तीक्ष्ण आणि आकाशाची निळसर झाक घेतलेला असतो. मधल्या टोनमध्ये लालपेक्षा हिरवट-जांभळी छटा येते. सावलीत खालून, अंगणातल्या तांबड्या मातीवरून परतलेला ऊबदार उजेड. वर्षभर डच डोकी उतरवलेला मुलगा आजीला समोर बसवतो आणि तिला गुलाबी करून टाकतो. मग ती आजी वाटत नाही म्हणून वर तपकिरी फासतो. साम्य असतं, नाकडोळे जागच्या जागी असतात, आणि तरी घरचे म्हणतात, काहीतरी चुकतंय. चुकतं ते इथे.

हे कोडं ज्यांनी आधी सोडवलं ते चित्रकार तर दाराशीच आहेत. सावळाराम हळदणकर सावंतवाडीचे. त्यांचं दिवा हातात घेतलेल्या बाईचं चित्र, ‘ग्लो ऑफ होप’, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी त्यांची मुलगी उभी राहिली होती. या चित्राइतकी नक्कल महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या चित्राची झाली नसेल: कॅलेंडरं, रांगोळ्या, काचेवरची कामं. आणि त्यातल्या तैलरंगातल्या नकला पाहताना हसू येतं, कारण मूळ चित्र जलरंगात आहे. कित्येकांना ते रविवर्म्याचं वाटतं, तैलरंगातलं वाटतं. ज्योतीचा उजेड बोटांतून आरपार येतो तो हळदणकरांनी कागदाचा पांढरा राखून मिळवला. तैलरंगवाला तोच उजेड वरून पिवळा थापून आणायला बघतो आणि बोटं मेणाची होतात. नक्कल करणाऱ्याने माध्यमच न विचारल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सावंतवाडीजवळच्या कोलगावचे श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदांचे पंडित म्हणून सर्वांना माहीत. पण ते जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार होते आणि हैदराबाद, लाहोरला त्यांचा चरितार्थ चित्रांवर चालला. पुढे ते औंधला आले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या भवानी संग्रहालयात रविवर्मा आणि धुरंधर मूळ रूपात पाहता येतात. गोव्याचे आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद, ज्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणत, त्यांची आणि त्यांची मुलगी अँजेला यांची चित्रं पणजीला फुंदासांव ओरिएंतमध्ये आहेत. हे बिरुद मला आवडत नाही. त्रिंदादांनी रेम्ब्रांटकडून अंधार घेतला खरा, पण त्या अंधारातून येणारी माणसं गोव्याची आणि मुंबईची आहेत, त्यांच्या कातडीचा हिशेब त्रिंदादांनी स्वतः मांडला. सावर्ड्याच्या मुलाने चिपळूणला गाडी पकडली तर करमळीला उतरून तो पणजीत पोचतो. तिथे तीन तास एका डोक्यासमोर उभं राहणं हे ७१७ गिगापिक्सेलपेक्षा जास्त कामाचं. पडद्यावर भेग दिसते, पण जाड रंग कुठे उभा आहे आणि पातळ कुठे आत ओढला गेलाय, हे बाजूला सरकून, उजेड तिरपा घेऊन बघितल्याशिवाय दिसत नाही.

पॅरिसच्या लूव्रमध्ये १७९३ पासून चित्रं उतरवू देतात. परवाना घ्यायचा, इझल मांडायचा. प्रतिकृती मूळ मापाची करायची नाही, किमान एक पंचमांशाने लहान किंवा मोठी. मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. एवढे साधे नियम. आपल्या संग्रहालयांत इझल घेऊन बसलेला विद्यार्थी मात्र सर्रास दिसत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन टाटा आणि दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेली युरोपीय तैलचित्रं आहेत, आपली आहेत, औंधला आहेत, कोल्हापूरला आहेत. आठवड्यातला एक वार, दोन विद्यार्थी, खाली पसरायला एक ताडपत्री, एवढ्याने सुरुवात होईल. टर्पेंटाइनच्या वासाची भीती असेल तर पेन्सिल आणि रंगीत खडूंपासून.

मूळ चित्रं दूर, तरी महाराष्ट्रात चांगली व्यक्तिचित्रणकला टिकली, हे कसं? माझ्या मते प्रात्यक्षिकामुळे. डेमो. मॉडेल स्टुलावर, चित्रकार इझलसमोर, मागे शे-दोनशे माणसं, पुढची जमिनीवर मांडी घालून, मागची खुर्च्यांवर चढून. दोन-अडीच तासांत कोऱ्या कॅनव्हासवर डोकं उभं राहतं आणि मधला एकही टप्पा झाकलेला नसतो. वासुदेव कामत यांची प्रात्यक्षिकं पाहायला गर्दी होते ती नुसत्या नावामुळे नाही. २००६ मध्ये त्यांना पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकाचा ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळाला, तो त्यांच्या पत्नीच्या चित्राला. पण गावोगावच्या विद्यार्थ्याला पाहायचं असतं ते पहिल्या वीस मिनिटांत त्यांनी काय लावलं आणि काय नाही. लूव्रमधल्या प्रतिकृतिकाराला मूळ चित्र उकलत उलट्या दिशेने जावं लागतं. डेमो पाहणाऱ्यासमोर ते सुलट घडतं. रविवर्माही असाच शिकला. १८६८ मध्ये त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन हा चित्रकार आला, त्याने शिकवलं नाही, फक्त काम करताना बघू दिलं. बघणं पुरलं.

तरीही डेमोवर भागत नाही. बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि घरी येऊन ब्रश धरला की निम्मं उडालेलं असतं. गाण्याच्या तालमीत गुरूची जागा ऐकून लगेच गळ्यातून काढावी लागते, तसं हातातून काढल्याखेरीज ते आपलं होत नाही. म्हणून आधी डेमो, मग प्रतिकृती, मग त्याच क्रमाने जिवंत मॉडेल. प्रतिकृती मधली पायरी आहे. तिच्यावरच घर बांधून राहणारेही असतात, आणि हॉटेलांच्या लॉबीत त्यांना काम मिळतं.

नक्कल करून स्वतःचं हरवतं, ही भीती घरोघर असते. रेम्ब्रांटची नक्कल करायला निघालेल्याने हे तर माहीत करून घ्यावं, की रेम्ब्रांटने आपल्याकडच्या चित्रांची नक्कल केली होती. १६५६ ते १६६१ च्या सुमारास त्याने मुघल लघुचित्रं समोर ठेवून रेखाटनं केली. त्यातली दोन डझनांच्या आसपास आज आहेत. शाहजहान, दरबारी, सूफी. कागद आशियातून आणलेला. बाह्यरेषा, पोशाखाच्या घड्या त्याने लक्ष देऊन घेतल्या, पण उभं राहण्याचा भार त्याचा स्वतःचा आहे. ती माणसं जमिनीवर वजन टाकून उभी आहेत. पन्नाशीतला, दिवाळं निघालेला माणूस दिल्ली-आग्र्याच्या कारागिराकडून शिकायला बसला होता. आणि दुसऱ्या टोकाला मॉरित्सहाउसमधलं चिलखती गळपट्टा घातलेल्या तरुण रेम्ब्रांटचं चित्र. कित्येक वर्षं ते अस्सल मानलं जाई आणि न्यूरेम्बर्गमधलं त्याचं जुळं नक्कल. १९९० च्या दशकाअखेर तपासणीत गुळगुळीत, नीटनेटक्या हेगच्या चित्राखाली काळजीपूर्वक काढलेलं रेखाटन सापडलं, जसं नक्कल करणाऱ्याला काढावं लागतं. न्यूरेम्बर्गचं, जास्त मोकळं, जास्त खडबडीत, तेच मूळ ठरलं. सफाईने तज्ज्ञांनाही चकवलं होतं.

सावर्ड्यात हे काम करायचं तर वर्षाचं वेळापत्रक पावसाने ठरवलेलं आहे. दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, की कॅनव्हास ताणायचा, ग्राउंड द्यायचा. नोव्हेंबरात अंबरचा थर. डिसेंबर-जानेवारीत देहवर्ण, सकाळच्या वेळात, उत्तरेच्या खिडकीशी. फेब्रुवारीत पारदर्शक हात, एकेक वाळू देत. मार्चला थांबायचं, जमलं असो नसो. वार्निश लगेच लावायचं नाही; रंग आतून वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं, म्हणजे मधला पावसाळा चित्राला तसाच काढावा लागणार. तेवढे चार महिने ते बाहेरच्या भिंतीवर टांगू नये. आतल्या भिंतीशी, मागे हवा खेळेल असं ठेवावं, आणि श्रावणात ऊन पडलं की पाठ तपासावी. पुढच्या दिवाळीला वार्निश. त्याआधी मागच्या पट्टीवर पेन्सिलने लिहायचं: कुणाच्या चित्रावरून, छपाईवरून की मूळ पाहून, मूळ माप काय आणि हे माप काय. सही करायचीच असेल तर आपली.